विश्लेषण : रायफल स्कोपचा ब्रँड अमेरिकी, पण माल कुठला? शिकाऱ्यांची निवड कशावर ठरते?

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम शरद ऋतूत असतो. त्याआधी रायफलवर बसवायची दुर्बीण, म्हणजे रायफल स्कोप, कोणत्या कंपनीची घ्यावी हा वाद ठरलेला. ट्रम्प प्रशासनाच्या २०२५ मधील आयात शुल्कामुळे ‘स्कोप बनतो कुठे’ हा मुद्दाही त्यात आला.

कोणता ब्रँड कुठे बनतो?

१९०७ मध्ये सुरू झालेल्या ल्यूपोल्डच्या स्कोपची जुळणी ऑरेगॉन राज्यातील बीव्हर्टनमध्ये होते. भिंगे मात्र परदेशातूनही येतात. व्हॉर्टेक्सचे मुख्यालय विस्कॉन्सिनमध्ये आहे, पण तिचे स्वस्त स्कोप साधारणपणे चीनमध्ये, मधल्या किमतीचे फिलिपिन्समध्ये आणि महागडे बहुतांशी जपानमध्ये बनतात. स्वारोव्स्की ऑप्टिक ऑस्ट्रियाची. जर्मनीच्या झाइसची ‘कॉन्क्वेस्ट व्ही ४’ मालिका जपानमध्ये तयार होते.

शुल्काचा परिणाम कोणावर?

ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार जपान आणि युरोपीय महासंघाच्या बहुतेक मालावर १५ टक्के, तर फिलिपिन्सच्या मालावर १९ टक्के शुल्क होते. म्हणजे कंपनी अमेरिकी असली तरी आयात स्कोपला सूट नाही. ल्यूपोल्डला झळ कमी, पण आयात भिंगांमुळे तीही पूर्ण सुटत नाही.

जास्त पैसे मोजून काय मिळते?

भर उन्हात स्वस्त आणि महाग स्कोपमधला फरक फारसा जाणवत नाही. तो कळतो तो झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला, नेमका हरणे बाहेर पडतात तेव्हा. लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश वाया जातो. चांगला लेप हे नुकसान कमी करतो. किंमत वाढते त्याचे हे एक कारण.

काही फायदा मात्र फुकट मिळतो. ‘३-९×४०’ म्हणजे प्रतिमा ३ ते ९ पट मोठी आणि पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे. ४० ला ९ ने भागले तर डोळ्यापर्यंत सुमारे ४.४ मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो. ५ ने भागले तर ८ मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. म्हणून संधिप्रकाशात मोठेपणा कमी केला की तोच स्कोप उजळ दिसतो.

मग महत्त्वाचे काय?

धक्का बसल्यावरही नेम न हलणे. तो हलला तर प्राणी जखमी होऊन तडफडत राहतो. दुसरी गोष्ट हमीची. व्हॉर्टेक्स बिल न मागता दुरुस्ती करून देते आणि स्कोप विकला तरी हमी कायम राहते. ल्यूपोल्डचीही आजीवन हमी आहे. निकॉनने मात्र २०२० च्या सुमारास हा व्यवसायच सोडला. त्यामुळे ब्रँड टिकेल का, हेही पाहावे लागते.

भारतीयांना याचा काय उपयोग?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार, मोजके अपवाद वगळता, शिकारीला बंदी आहे. पण पक्षीनिरीक्षणासाठी दुर्बीण घेताना हेच गणित लागू पडते : १०×४२ पेक्षा ८×४२ दुर्बीण पहाटे जास्त उजळ दिसते.