ऑप्शनच्या भावात दिशा शोधू नका

ऑप्शन चेन उघडली की बाजाराच्या मनातले कळते, असे मानणारा मोठा वर्ग आहे. अमुक स्ट्राइकला कॉलचा ओपन इंटरेस्ट जास्त, म्हणजे निफ्टी तिथेच अडणार. पुट-कॉल रेशो वाढला, म्हणजे तेजी. संध्याकाळच्या चर्चांमध्ये हे इतक्या ठामपणे सांगितले जाते की ऐकणाऱ्याला शंका घ्यायचीही लाज वाटावी.

शंका घ्यायलाच हवी. एका स्ट्राइकचा, एका एक्स्पायरीचा कॉल घेतला आणि त्याच स्ट्राइकचा पुट विकला की फ्युचर घेतल्यासारखेच होते. म्हणून त्या दोन प्रीमियममधला फरक फ्युचरच्या भावाला बांधलेला असतो. तो जरा सुटला की आर्बिट्राजवाले तुटून पडतात. मग फ्युचरला ठाऊक नसलेली कोणती दिशा त्यात दडलेली असणार? राहिला ओपन इंटरेस्ट. प्रत्येक कॉलला एक घेणारा असतो आणि एक विकणारा. विकणारा मंदीवालाच असेल असेही नाही. शेअर बाळगून असलेला माणूस चार पैसे सुटावेत म्हणूनही कॉल विकतो.

दुसरा पक्ष अभ्यासू मंडळींचा, म्हणून अधिक सावधपणे तपासावा असा. १९७८ मध्ये ब्रीडन आणि लिट्झेनबर्गर यांनी दाखवले की स्ट्राइकगणिक कॉलचा भाव कसा वळत जातो यावरून निर्देशांक कुठे पोहोचेल याच्या संभाव्यतांचा आलेख काढता येतो. गणित चोख आहे. पण त्यावरून ‘गुंतवणूकदारांच्या मते बाजार कोसळण्याची शक्यता इतके टक्के’ असे म्हणणे चूक. आगीच्या विम्याचा हप्ता पाहून घर जळण्याची नेमकी शक्यता सांगता येत नाही; त्यात मालकाची धास्ती आणि कंपनीचा नफाही असतो. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेत डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. तेव्हापासून तिथल्या निर्देशांकांवरचे खालच्या स्ट्राइकचे पुट तुलनेने महागच राहिले आहेत. म्हणून गेली साडेतीन दशकांहून अधिक काळ सगळे दर महिन्याला तसल्याच पडझडीची वाट पाहत बसले आहेत, असे कोण म्हणेल? शक्यता किती आणि भीतीची किंमत किती, हे नुसता भाव वेगळे करून सांगत नाही.

तरीही ऑप्शनचे भाव निरुपयोगी ठरवणे हा उलट टोकाचा उतावीळपणा झाला. निर्देशांक किती हलेल, याचा अंदाज त्यांच्यात खराखुरा असतो.

२०२४ ची लोकसभा निवडणूक आठवावी. निफ्टी ऑप्शनच्या भावांवरून पुढच्या ३० दिवसांची अस्थिरता मोजणारा इंडिया व्हीआयएक्स एप्रिलच्या उत्तरार्धात १० च्या आसपास होता. ३१ मे रोजी तो २४ च्या वर गेला. निफ्टी मात्र या काळात जवळपास होता तिथेच, साडेबावीस हजारांच्या आगेमागे. म्हणजे बाजार सांगत होता: मोठी हालचाल होणार, कुठल्या बाजूला ते विचारू नका. वार्षिक २४ चा आकडा बाराच्या वर्गमुळाने भागला की महिन्याला सुमारे ७ टक्के येतात, दोन्हीकडे. एक्झिट पोलनंतर ३ जूनला निफ्टी सव्वातीन टक्के चढून २३,२६३ वर बंद झाला. ४ जूनच्या मतमोजणीत जवळपास ६ टक्के पडून २१,८८४ वर आला. तेजीचा निर्वाळा देणारे तोंडघशी पडले, व्हीआयएक्सचा इशारा खरा ठरला. ५ जूनला तर व्हीआयएक्स १९ च्या खाली घसरला, निफ्टी ३ जूनच्या बंद भावापेक्षा सहाशेहून अधिक अंकांनी खाली असतानाही. निकाल कोणाला आवडला, कोणाला नाही. पण तो लागला होता आणि अनिश्चितता संपली होती.

तेव्हा वाचकाने ऑप्शन चेनला ‘किती’ आणि ‘केव्हापर्यंत’ एवढेच विचारावे. कालच्या तुलनेत आज काय बदलले, हे तर अवश्य पाहावे. ‘वर की खाली’ हा प्रश्न तिथे विचारून पैसे लावण्याआधी सेबीचा २०२४ चा अहवाल वाचावा: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले.