घरातल्या पडद्याचे माप

सिनेमाच्या फितीची रुंदी ३५ मिलिमीटर. बोलपट आल्यापासून ती सेकंदाला २४ चौकटी या वेगाने यंत्रातून सरकते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. अडीच तासांच्या चित्रपटाची फीत साडेतेरा हजार फूट भरते, चार किलोमीटरांहून थोडी जास्तच. ती रिळांमध्ये विभागून, पत्र्याच्या डब्यांत घालून गावोगाव फिरत असे. ‘प्रभात’च्या काळात चौकट जवळजवळ चौकोनी होती, उंची तीन तर रुंदी चार. १९५९ साली ‘कागज के फूल’ने हिंदीत सिनेमास्कोप आणला आणि चौकट उंचीच्या २.३५ पट रुंद झाली. १९७५ चा ‘शोले’ ३५ मिलिमीटरवर चित्रित झाला आणि मोठ्या शहरांसाठी ७० मिलिमीटरच्या फितीवर वाढवून उतरवला गेला. तिथे चौकटीचे प्रमाण २.२ होते. ही तीन मापे ध्यानात ठेवली, की घरी बघितलेल्या सिनेमाचा पुढचा इतिहास बराचसा कापाकापीचा आहे, हे समजते.

उदाहरणासाठी एक गाव घेऊ. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पेडगाव हे छोटे स्थानक आहे. (वेड पांघरून जायचे ते म्हणीतले पेडगाव बहुतेक जण श्रीगोंदा तालुक्यातले मानतात. हे परभणीचे.) एवढ्या आकाराच्या गावात कायमचे थिएटर सहसा नसतेच. पिक्चर बघायचा तर परभणी गाठायची, नाहीतर जत्रेतल्या तंबूची वाट बघायची. घरच्या पडद्याने थिएटर मारले हे शहरी लेखांतले लाडके सूत्र अशा गावांना लागू पडत नाही. नव्हतेच ते मरणार कसे? इथे घरच्या पडद्याने मारले ते तंबूला.

तंबूतल्या सिनेमाबद्दल आज बरेच हळवे होऊन बोलले जाते. चित्राच्या दृष्टीने पाहिले तर तो कधी उत्तम होता, कधी भयंकर. फीत खरी ३५ मिलिमीटरची असे आणि चौकट पूर्ण दिसे, ही त्याची मोठी बाजू. पण शहरांत महिनोन्‌महिने घासून झालेली प्रिंटच टुरिंग टॉकीजच्या वाट्याला येई. तुटलेली फीत जोडताना प्रत्येक वेळी काही चौकटी जात, आणि संवाद मधूनच उडी मारत. प्रोजेक्टर एकच असला तर रीळ बदलताना दिवे लागत. महाराष्ट्रातल्या जत्रांत फिरणाऱ्या अशा तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. फितीची यंत्रे भंगारात निघून त्यांच्या जागी डिजिटल यंत्र येण्याचा काळ त्यात सापडतो.

घरात सिनेमा आणला तो दूरदर्शनने. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि शनिवारी मराठी, रविवारी हिंदी चित्रपट हा मुंबई-पुण्याकडच्या घरांचा आठवडी नेम होऊन बसला. मराठवाड्यातल्या खेड्यांना हे सुख उशिरा मिळाले. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. ते मुख्यतः दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम पुढे पाठवत. त्यामुळे गावात टीव्ही आला म्हणजे मराठी सिनेमा आला, असे लगेच झाले नाही. अँटेना फिरवत ‘आलं का?’ म्हणून गच्चीवरून ओरडणारा एक जण आणि पडद्यावरच्या मुंग्या मोजणारे बाकीचे, असा तो काळ.

या टप्प्यावर चित्रात दोन बदल झाले आणि ते फार थोड्यांच्या लक्षात आले. पहिला वेगाचा. भारतीय टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ चौकटींचा. २४ चौकटींची फीत त्यावर दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ती चार टक्के जास्त वेगाने पळवणे. दोन तासांचा चित्रपट मग ११५ मिनिटांत संपतो आणि गाणी चढतात. पेटीवर शेजारच्या पट्टीपर्यंत जे अंतर असते, त्यातले सुमारे पाऊण अंतर सूर वर सरकतो. तेच गाणे तबकडीवर ऐकलेल्या माणसाला टीव्हीवरचा आवाज किंचित पातळ का वाटतो, त्याचे कारण बरेचदा गायकात नसून या हिशेबात असते.

दुसरा बदल आकाराचा. जुना टीव्ही चारास तीन. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) त्यात नेमका बसे, जणू त्याच्यासाठीच तो डबा केला होता. सिनेमास्कोपचे मात्र हाल झाले. पूर्ण रुंदी दाखवायची तर वर-खाली काळ्या पट्ट्या येणार आणि काचेची जेमतेम ५७ टक्के उंची वापरात राहणार. प्रेक्षकाला त्या पट्ट्या म्हणजे फसवणूक वाटे. म्हणून काच भरून टाकण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यात चित्राची ४३ टक्के रुंदी बाहेर फेकली जाते. दोन माणसे दोन टोकांना उभी राहून बोलत असतील, तर मध्ये नुसती भिंत दिसे, नाहीतर एकाचे नाक. अमिताभचा सिनेमा बघितला असे म्हणणाऱ्या एका अख्ख्या पिढीने त्याचा अर्ध्याहून थोडा जास्त भागच बघितलेला आहे.

मग व्हीसीआर आला. सोनीची बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ मध्ये निघाली. भारतात हे यंत्र पसरले ते १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या आगेमागे, रंगीत टीव्हीबरोबर. खेड्यात ते कुणी विकत घेतले असे क्वचित घडले. तालुक्याहून रात्रीच्या भाड्याने रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी यायच्या. निमित्त गणपतीचे, बारशाचे, लग्नानंतरच्या पूजेचे, किंवा नुसतीच वर्गणी. अंगणात सतरंज्या पडत, बाया एका अंगाला, पोरे थेट काचेपुढे. पहिला पिक्चर देवाचा किंवा कौटुंबिक, मारामारीचा नंतर, आणि पहाटेच्या कॅसेटला जागे असत ते फक्त वर्गणीचा हिशेब ठेवणारे. चित्र पांढरे व्हायला लागले की यंत्र उघडून कोऱ्या नोटेने हेड पुसण्याचे काम गावातल्या एखाद्या जाणकाराकडे आपोआप जाई.

तांत्रिकदृष्ट्या व्हीएचएस हे सिनेमाचे सर्वांत दरिद्री रूप. अर्ध्या इंचाची चुंबकीय पट्टी आणि आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा तपशील. प्रत्येक नकलेबरोबर रंग ओघळत जाणार. बाजारातल्या कॅसेटींवर चित्राच्या तळाशी जाहिरातीही सरकत असत. सर्वाधिक चालणारी कॅसेट तीन तासांची, त्यामुळे लांब चित्रपटाची गाणीच आधी कापली जात. एवढे असूनही हे माध्यम सिनेमाप्रेमींना निकालात काढता येत नाही, कारण कधीकधी त्याने थिएटरपेक्षा जास्त जपून ठेवले. ‘शोले’च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहाने तो बदलून पोलिसांना मध्ये आणले गेले आणि थिएटरांत तेच दिसले. मूळ शेवट पुढे व्हिडिओवर फिरणाऱ्या काही प्रतींतून लोकांनी पाहिला. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या इथे हा चित्रपट नव्याने दुरुस्त करून दाखवला गेला. त्यात तो शेवट आणि ७० मिलिमीटरची रुंद चौकट, दोन्ही परत आली. म्हणजे पन्नास वर्षे चौकट थिएटरच्या बाजूला होती आणि शेवट व्हिडिओच्या. संपूर्ण ‘शोले’ कुणाच्याच घरात नव्हता.

कॅसेटनंतर चकत्या आल्या. व्हीसीडीचे माप ३५२ बाय २८८ ठिपके. एका चकतीत ७४ मिनिटे मावत, म्हणून हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन चकत्या लागत आणि ऐन रंगात उठून चकती बदलावी लागे. तंबूतले रीळ बदलणे असे घरात येऊन बसले. अंधारात किंवा पळापळीच्या दृश्यात चित्राचे चौकोनी तुकडे पडत. डीव्हीडीचे माप ७२० बाय ५७६, व्हीसीडीच्या चौपट ठिपके. फरक डोळ्यांना दिसत होता, पण गावात टिकली ती व्हीसीडीच, कारण चिनी बनावटीचा स्वस्त प्लेअर ओरखडे पडलेली चकतीही रेटून चालवी. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. या किमतीमुळे एसटी स्टँडवरच्या टपरीत मराठी चित्रपट पहिल्यांदा विकत घेण्याची वस्तू झाले. त्याच वर्षी झी टॉकीज ही मराठी चित्रपटांची वाहिनी सुरू झाली आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) न पाहिलेले मराठी घर सापडणे कठीण झाले. मधे भारनियमन होतेच. वीज रात्री अकराला येणार असेल तर पिक्चरची वेळ वीज मंडळ ठरवी.

सपाट टीव्ही आले तेव्हा खरे तर हा सगळा छळ संपायला हवा होता. नवा पडदा सोळास नऊ. सिनेमास्कोप त्यावर पूर्ण रुंदीने दाखवला तरी पाऊण उंची भरते, पट्ट्या बारीक राहतात. फुल एचडीचे माप १९२० बाय १०८०, म्हणजे डीव्हीडीच्या पाचपट. फोर-के त्याच्याही चौपट. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या फितीतला तपशील पकडायला एवढे पुरेसे आहे. घरातला पडदा पहिल्यांदा सिनेमाची पूर्ण चौकट दाखवू शकतो. अडथळा आता यंत्राचा राहिलेला नाही. तो प्रतीचा आणि सवयीचा आहे.

सवयीचे आधी. पट्ट्यांची चीड गेलेली नाही, फक्त तिची दिशा बदलली. आता जुन्या चौकोनी चित्रपटाच्या डाव्या-उजव्या बाजूला पट्ट्या येतात आणि त्या घालवायला चित्र ताणले जाते. सगळे ३३ टक्क्यांनी रुंद होतात, विष्णुपंत पागनीसांचा तुकारामसुद्धा खात्यापित्या घरचा दिसू लागतो. ताणायचे नसेल तर झूम करतात. मग उंचीचा चौथा हिस्सा जातो, डोक्यावरची पागोटी आणि पायातल्या वहाणा दोन्ही. सोळास नऊचे चित्र लांबट मोबाइलवर दोन बोटांनी फाकवले की वीसास नऊच्या पडद्यावर पाचवा हिस्सा उडतो. हे करणारा प्रेक्षक मूर्ख नसतो. त्याने पैसे मोजून मोठा पडदा घेतलेला असतो आणि तो रिकामा दिसला की त्याला खुपते. पण जुन्या काळी काप घालणारा कुणी तंत्रज्ञ होता, आज ती कात्री रिमोटवर आहे, एवढा फरक मानायला हवा. नव्या टीव्हीत आणखी एक खोड असते. दोन चौकटींमधल्या हालचाली यंत्र स्वतःच्या मनाने भरते आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते, चित्राचा आकारही मूळ ठेवता येतो. बहुतेक घरांत दुकानदाराने लावून दिलेलेच वर्षानुवर्षे चालू असते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि घरचा पडदा खिशात गेला. त्याआधी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेतले जाई. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी लागलेल्या ‘सैराट’ला रात्री-अपरात्री खेळ लावावे लागले, आणि तोच चित्रपट चोरट्या प्रतींतून कार्डांवरही फिरला. अजय-अतुलने त्याचे संगीत हॉलिवूडमधल्या स्टुडिओत वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित केले होते. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून त्यातले फक्त झिंगणे शिल्लक राहते. पाच वर्षांनी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’, व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळवलेला, ३० एप्रिल २०२१ रोजी थेट नेटफ्लिक्सवर आला. ज्या मराठी चित्रपटाला परभणीत एकही खेळ मिळाला नसता, तो पेडगावात त्याच रात्री पाहता येत होता. हा लाभ लहान नाही. सोबतची अटही लहान नाही. कॅसेट किंवा चकती घरची असते, तर ओटीटीवरचा चित्रपट करार असेतो दिसतो आणि एका सकाळी नाहीसा होतो. सांभाळण्यासारख्या मराठी डीव्हीडी ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत.

प्रतीचा प्रश्न याहून अवघड. प्रत्येक नवे माध्यम येताना जुन्या मराठी चित्रपटांची नवी प्रत मूळ फितीवरून व्हायला हवी होती. बरेचदा ती आधीच्या प्रतीवरून झाली. टीव्हीसाठी झिजकी प्रिंट, तिच्यावरून कॅसेट, कॅसेटवरून चकती, चकतीवरून यूट्यूब. म्हणून कोपऱ्यात दोन वेगवेगळ्या वाहिन्यांच्या खुणा आणि चौकट आधी कापलेली, मग ताणलेली, असे कृष्णधवल मराठी चित्रपट आज फुल एचडी या नावाखाली दिसतात. फोर-केचा पडदा त्या प्रतीला सुधारत नाही, तिचे दोष मोठे करून दाखवतो. मूळ फिती जपण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी ते अक्षरशः डबे गोळा करून उभे केले. तरी जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फितींचा मोठा साठा जळाला. २००५ नंतर यूएफओसारख्या कंपन्या उपग्रहावरून थिएटरांत चित्रपट पोचवू लागल्या, प्रिंटचा खर्च वाचला आणि छोटे मराठी निर्माते तरले. पुढे कॅमेरेही डिजिटल झाल्यावर कित्येक चित्रपटांची फीत उरली नाही, मूळ प्रत हार्ड डिस्कवर आहे आणि ती डिस्क दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवावी लागते. हे काम निर्मात्याच्या कपाटात कितपत होते, त्यावर त्या चित्रपटांचे आयुष्य ठरेल.

जुन्या चित्रपटांपुरती चित्रपटावरच्या हक्काची अडचण मात्र उरलेली नाही. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे राहतो. १९५३ चा ‘श्यामची आई’, पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळवलेला, २०१३ च्या अखेरीस त्या मुदतीबाहेर पडला. ‘संत तुकाराम’ त्याच्या कितीतरी आधी. या चित्रपटांची चारास तीनची पूर्ण चौकट, २४ चौकटींचा मूळ वेग आणि गाण्यांची मूळ पट्टी राखलेली प्रत काढून ती सर्वांना फुकट किंवा व्हीसीडीच्या भावात द्यायला चित्रपटाच्या हक्कधारकाची परवानगी लागत नाही. लागते ती सर्वांत चांगली उरलेली फीत, ती स्कॅन करण्याचा खर्च, आणि प्रत काढताना पट्ट्या तशाच ठेवण्याचा निर्धार.