निळ्या पडद्याची साक्ष

आमच्या घरांत संगणक आला त्यास आतां नऊ वर्षें होत आलीं. मी त्या विद्येचा अधिकारी नव्हे. मॅट्रिक होऊन संस्कृत शिकलों आणि सारा जन्म मुलांकडून शब्दांचीं व धातूंचीं रूपें घोकून घेण्यांत गेला. तरी गेल्या उन्हाळ्यांत आमच्या अमरावतीच्या घरीं जो प्रकार घडला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें. कारण तो कोणत्याहि घरीं घडण्यासारखा आहे, आणि त्यांत यंत्रापेक्षां माणसांचीच परीक्षा अधिक झाली.

आमच्या सूनबाई शाळेंत शिक्षिका आहेत. वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्या याच संगणकावर तयार करतात. एप्रिलांतील एका दुपारीं काम ऐन भरांत असतां पडदा एकाएकीं निळा झाला. वर एक रडवें तोंड, खालीं पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या चार ओळी. आणि थोड्याच वेळांत यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू झालें. दोन तासांचें लेखन गेलें. दुसऱ्या दिवशीं तोच प्रकार; आठवड्यांत पांच वेळां तोच.

एकत्र कुटुंबांत रोगी एक आणि वैद्य अनेक. आमच्या घरांतून असें मत पडलें कीं, वीज कमीजास्त होते तिचा हा परिणाम. चिरंजीव म्हणाले, व्हायरस शिरला असावा. शेजारच्या गृहस्थांनीं नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. मीं मात्र सल्ला न देतां निकालच दिला. नातवानें दहावीची परीक्षा आटोपतांच मार्चच्या अखेरीस यंत्रांत एक खेळ घातला होता, आणि एप्रिलांत पडदा निळा होऊं लागला. मग आणखी पुरावा कशास हवा? चार माणसांदेखत मी त्यास टाकून बोललों आणि संगणकास हात लावण्याची मनाई केली. मुलगा उलट बोलला नाहीं. "आजोबा, खेळ काढून टाका आणि मग पाहा," एवढेंच तो म्हणाला. खेळ काढला. तिसऱ्या दिवशीं पडदा पुन्हां निळा!

तेव्हां मी वरमलों. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून फळ कावळ्यानें पाडलें असें ठरत नाहीं. हा काकतालीय न्याय मीं किती तरी वर्गांस समजावून दिला आहे. आणि स्वतःच्या घरीं मात्र कावळ्यास शिक्षा ठोठावून मोकळा झालों होतों.

मग हा निळा पडदा म्हणजे काय, तें मी विचारपूस करून समजून घेतलें. संगणकाच्या अंतर्भागीं एक मुख्य कारभारी असतो, त्यास 'कर्नल' म्हणतात. स्मरण, तबकडी, छापयंत्र, पडदा या सर्वांचा व्यवहार त्याच्या हातून चालतो. एखाद्या पेढीवरील सचोटीच्या मुनिमास खतावणीच्या दोन नोंदी परस्परविरुद्ध दिसल्या, तर खोटा आंकडा पुढें ओढण्यापेक्षां तो वहीच मिटून ठेवील. कर्नलहि तेंच करतो. पुढें गेल्यास तुमचे लेख बिघडतील असें दिसतांच तो सर्व काम थांबवितो, आणि थांबण्याचें कारण पडद्यावर लिहून ठेवतो. म्हणजे निळा पडदा हा रोग नव्हे. तो साक्षीदार आहे. आपण भिऊन त्याची साक्षच ऐकत नाहीं.

हा पडदा विंडोज एनटी या प्रणालींत १९९३ सालापासून आहे. ता. २० एप्रिल १९९८ रोजीं शिकागो येथील प्रदर्शनांत खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर असतांना, विंडोज ९८ चें प्रात्यक्षिक दाखवितां दाखवितां एक स्कॅनर जोडला गेला आणि हजारों प्रेक्षकांसमोर पडदा निळा झाला. तेव्हां सामान्य गृहस्थानें लाजण्याचें कारण नाहीं. २०२५ सालीं विंडोज ११ मध्यें या पडद्याचा रंग काळा करण्यांत आला. तेव्हां नव्या यंत्रावर काळा पडदा दिसल्यास तो याचाच भाऊ समजावा.

शुक्रवार, ता. १९ जुलै २०२४ चा दिवस वाचकांस स्मरत असेल. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचें संरक्षक सॉफ्टवेअर ज्या विंडोज यंत्रांत होतें, त्यांस त्या दिवशीं एक सदोष फाईल पोंचली. आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें जगांतील सुमारें ८५ लक्ष यंत्रें निळीं पडलीं. आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीनें ती फाईल दीड तासाच्या आंत मागें घेतली. परंतु जीं यंत्रें पडलीं होतीं त्यांपैकीं पुष्कळांपाशीं माणसास स्वतः जाऊन, 'सेफ मोड' म्हणजे किमान सामग्रीनिशीं यंत्र उघडून, ती एक फाईल काढावी लागली. यावरून पहिला प्रश्न शिकावयाचा तो हा : काल चालत होतें, आज चालत नाहीं, मध्यें काय बदललें? नवें सॉफ्टवेअर, नवें अपडेट, नवा ड्रायव्हर, नवा सुटा भाग, जें नवें असेल तें आधीं मागें घेऊन पाहावें. सेफ मोडमध्यें यंत्र निर्वेध चाललें, तर बहुधा एखादा ड्रायव्हर दोषी असतो.

आमच्याकडे सर्वांत आधीं सूनबाईंनीं सर्व प्रश्नपत्रिका, घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरून घेतलीं. निदान मागाहून, ठेव सुरक्षित करणें आधीं. नंतर मीं एक वही घातली. तिचे चार रकाने : दिवस व वेळ, कोण बसलें होतें, काय चाललें होतें, आणि पडद्यावरील शब्द. तो पडदा फार वेळ टिकत नाहीं, म्हणून चिरंजीवांनीं सेटिंगमधील 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' यावरील खूण काढून ठेवली. मग मोबाइलनें छायाचित्र सावकाश घेतां येऊं लागलें.

या साक्षी वाचण्याची ढोबळ रीति अशी. प्रत्येक वेळीं तेंच कारण व त्याच फाईलचें नांव आलें, तर संशय त्या ड्रायव्हरवर. प्रत्येक वेळीं निराळें कारण आलें, तर संशय रॅमवर, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीवर. कारण स्मृति बिघडली कीं माणूस जसा दर वेळीं निराळी चूक करतो, तसेंच यंत्रहि करतें. आणि निळा पडदा न दिसतां दिवा विझावा तसें यंत्र पटकन् बंद पडलें, तर वीज, पॉवर सप्लाय किंवा उष्णता यांकडे पाहावें. हे नियम अढळ नव्हेत, पण शोधास दिशा देतात.

बारा दिवसांत वहींत सात नोंदी झाल्या. तीनदां 'मेमरी मॅनेजमेंट', दोनदां 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', दोनदां 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल'. सूनबाई चार वेळां, चिरंजीव दोन वेळां, मी एकदां. खेळ नाहीं, खेळणारा नाहीं, तरी पडदा निळाच. त्यांतहि पांच नोंदी दुपारच्या होत्या, म्हणून उन्हाळ्याचाहि विचार केला. अकोला व अमरावती येथें मे महिन्यांत पारा पंचेचाळिसांच्या घरांत जातो, हें वऱ्हाडच्या माणसास सांगावयास नको. यंत्रांतील पंखा हवा थंड करीत नाहीं. खोलींतली हवाच तो आंत खेळवितो. खोली पंधरा अंशांनीं तापली, तर आंतील चिपहि जवळजवळ तितकीच अधिक तापते. लोक ज्यास 'सीपीयू' म्हणतात तो डबा उघडला, तों पंख्यावर धूळ आणि कापसाच्या तंतूंचा नमदा बसलेला! वीज तोडून, पंख्याचीं पातीं बोटानें धरून, मऊ कुंचल्यानें तो काढला. डबा भिंतीपासून वीतभर पुढें घेतला आणि कूलरच्या ओल्या झोतांतून हलविला. पडदा निळा होण्याचें प्रमाण कमी झालें, पण तो प्रकार थांबला नाहीं. दोन नोंदी तर भल्या पहाटेच्या होत्या. उष्णतेनें दोष बळावत होता; मूळ निराळें होतें.

तेव्हां चिरंजीवांनीं विंडोजच्या फोल्डरांतील 'मिनिडंप' नांवाचें फोल्डर उघडलें. प्रत्येक आघाताची एक लहान फाईल यंत्र तेथें तारीखवार ठेवतें. सर्वांत जुनी फाईल पाहिली, तों तारीख १८ जानेवारी! दुसरी फेब्रुवारींतली. खेळ आला मार्चच्या अखेरीस. कारणापूर्वीं कार्य होत नाहीं, हें न्यायशास्त्राचें पहिलें पाऊल. मुलगा तेथेंच निर्दोष ठरला.

आणि मला एकदम आठवलें. त्या दोन्ही वेळीं संगणकावर मीच बसलों होतों. वीज गेली असेल असें समजून मी उठलों आणि कोणास बोललोंहि नाहीं. त्याहून महत्त्वाचें असें कीं, संक्रांतीस मी अकोल्यास धाकट्या बंधूंकडे गेलों होतों. त्यांच्या जुन्या संगणकांतील रॅमची एक पट्टी पडून होती. "दादा, तुमच्या यंत्रास ही बसेल, घेऊन जा," असें ते म्हणाले. मीं ती कागदांत गुंडाळून, लोकरीच्या शालीच्या घडींत ठेवून, आगगाडीनें बडनेऱ्यास आणि तेथून घरीं आणली, व दुसऱ्याच दिवशीं हौसेनें बसविली. कोरड्या हवेंत लोकरीवर जी स्थिर वीज सांचते ती अशा पट्टीस इजा करूं शकते, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. अशी पट्टी तिच्या खास पिशवींत ठेवावी, फक्त कडांस धरावी, आणि हात लावण्यापूर्वीं डब्याच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. आमची पट्टी मुळांतच अधू होती कीं माझ्या शालीनें अधू केली, याचा निर्णय करणें आतां शक्य नाहीं.

विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' ही चांचणी रात्रीं लावली. सकाळीं उत्तर आलें : दोष नाहीं. येथेंहि पुष्कळ लोक फसतात. एका उलटतपासणींत साक्षीदार टिकला म्हणजे तो खरा ठरतोच असें नाहीं. म्हणून शेवटीं अन्वय आणि व्यतिरेक यांचा आश्रय केला. जें असतां कार्य घडतें आणि नसतां घडत नाहीं, तें कारण. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हें व्रत कडक पाळलें. अकोल्याची पट्टी काढून एकट्या जुन्या पट्टीवर दहा दिवस काम केलें; पडदा एकदांहि निळा झाला नाहीं. मग जुनी काढून त्याच खांचेंत अकोल्याची बसविली; दुसऱ्याच सायंकाळीं निळा पडदा. खांचच बिघडली नसेल ना, म्हणून जुनी पट्टी दुसऱ्या खांचेंत घालून पाहिली. यंत्र निर्वेध चाललें. निकाल लागला. पट्टी कायमची काढून ठेवली. सबंध पावसाळा गेला, पण पडदा पुन्हां निळा झाला नाहीं.

याच काळांत घडलेली एक गोष्ट वडील मंडळींसाठीं मुद्दाम सांगतों. आमच्या घरांतून मोबाइलवर पाककृति पाहत असतां एक निळें पान उघडलें : तुमचें यंत्र धोक्यांत आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. तें पान खोटें असतें. खऱ्या निळ्या पडद्यावर दूरध्वनीचा क्रमांक कधींहि नसतो, आणि तो कोणाकडे पैसे मागत नाहीं. असें पान सरळ बंद करावें. त्या क्रमांकावर फोन करूं नये, आणि कोणाच्या सांगण्यावरून आपल्या यंत्राचा ताबा परक्याच्या हातीं देऊं नये.

आतां वहीविषयीं. निकाल लागला त्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर, ज्या चार माणसांदेखत नातवास बोललों होतों त्यांनाच बसवून घेतलें, आणि माझी चूक झाली असें त्यास सांगितलें. तो संकोचून उठून जाऊं लागला. मीं वही त्याच्यापुढें केली आणि म्हटलें, "शेवटची ओळ तूं लिही, काय कारण निघालें तें." त्यानें लिहिलें : 'अकोल्याहून आलेली रॅम.' ती कोणीं आणली, हें त्यानें लिहिलें नाहीं. म्हणून तें मी येथें लिहीत आहें.