शुश्रूषा आणि साक्ष

‘शुश्रूषा हे सिस्टरचे काम, पुरावा हे पोलिसांचे. दोन्ही एकीच्याच गळ्यात घातलीत तर दोन्ही बिघडतील.’ फॉरेन्सिक नर्सिंगचा, म्हणजे शुश्रूषेसोबत पुरावाही जपण्याचा, विषय निघाला की हा आक्षेप डॉक्टर घेतात, प्रशासक घेतात आणि पुष्कळदा परिचारिकाही घेतात. त्यामागे रुग्णाची काळजी आहे, म्हणून तो झटकून न टाकता नीट तपासायला हवा.

अत्याचार सोसलेली बाई रात्री कॅज्युअल्टीत येते तेव्हा काय घडते, ते पाहू. डॉक्टर येईपर्यंत ड्यूटीवरची सिस्टर तिला खाटेवर बसवते, रक्त पुसते, मळलेले कपडे बदलते, चूळ भरायला पाणी देते. सगळे मायेपोटी. पण जे पुसले, धुतले, बदलले, त्यातच गुन्ह्याच्या खुणा असतात. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले की त्यांना बुरशी धरते आणि त्यावरचा जैविक पुरावा नासतो. तेच सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात बांधून, सील करून ठेवले, तर न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेपर्यंत शाबूत पोहोचतात. तेव्हा सिस्टरने पुराव्याला हात लावावा का, हा वादच फोल आहे. तिचा हात लागतोच. तो जाणता असावा, एवढीच आमची मागणी आहे.

शुश्रूषा आणि पुरावा यांची फारकतही मुळात खरी नाही. गळा आवळलेल्या बाईच्या मानेवर वळ उमटलेला असतोच असे नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखते, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. ही लक्षणे टिपणारी सिस्टर तिचा जीव वाचवते आणि त्याच नोंदीने गुन्ह्याचे गांभीर्यही लिहून ठेवते. निरीक्षण एकच, उपयोग दोन.

दुसरा आक्षेप कायद्याचा. पीडितेची वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीने नोंदणीकृत डॉक्टरनेच करावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८४ सांगते. मान्य. पण त्याच संहितेचे कलम ३९७ सरकारी-खासगी सर्व रुग्णालयांवर पीडितेला तत्काळ मोफत उपचार देण्याचे बंधन घालते. ते मोडणाऱ्या रुग्णालयप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन प्रत्यक्षात पाळते कोण? दारात उभी असलेली सिस्टरच. आडोसा करून देणे, संमतीचा अर्थ समजावणे, नकार दिला तरी उपचार थांबणार नाहीत हा धीर देणे, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावीत म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणे, मुद्देमाल कोणी कोणाकडे किती वाजता दिला याची नोंद ठेवणे: यांतले काहीही तिला करायला कायदा मनाई करत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात फॉरेन्सिक नर्सिंग आणले, ते याचसाठी. आता तो विषय परीक्षेपुरता राहू नये.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: पुरावा गोळा करणारी सिस्टर सरकारी पक्षाची होईल, तिचा तटस्थपणा जाईल. उलट, अडाणी नोंदीनेच न्यायाचा तोल जातो. मथुरा नावाच्या मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, तेव्हा मुलीच्या अंगावर जखमा नसणे तिच्या विरोधात गेले. प्रशिक्षित परिचारिका ‘जखम दिसली नाही’ एवढेच लिहिते; त्यावरून ‘अत्याचार झाला नाही’ असा निष्कर्ष काढत नाही. दोन बोटांची चाचणी करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले. असली चाचणी खोलीत होऊ घातली, तर तिथेच हरकत घेणारी परिचारिका हवी. आणि काटेकोर नोंद निरपराध आरोपीलाही तारते.

‘आधीच सिस्टर कमी, त्यात हे ओझे!’ हेही ऐकू येते. सिस्टर कमी आहेत, हे शंभर टक्के खरे. पण हे ओझे त्या आजही वाहतात, विनाप्रशिक्षण आणि विनाअधिकार. म्हणून पदे मागा, प्रशिक्षण मागा. अमेरिकेत मेम्फिसच्या परिचारिकांनी १९७६ साली अशा कामाची घडी बसवली. आपल्याकडे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. घरात मार खाणाऱ्या बाईला आधार देणे हे रुग्णालयाचेच काम, हे त्याने दाखवून दिले. जिल्हा रुग्णालयाच्या प्रत्येक पाळीत एक तरी प्रशिक्षित परिचारिका नेमणे मग अशक्य कसे?

अरुणा शानबाग स्वतः परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांबद्दल. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे साडेएकेचाळीस वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले, अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही. शुश्रूषेची याहून मोठी कसोटी नाही, आणि आपल्या परिचारिका तिला उतरल्या आहेत. त्याच हातांना सील, लेबल आणि साक्ष देण्याचा अधिकार सोपवायला आपण का कचरतो आहोत?