पाटीवर नाव कोरलं. फौजीची गोष्ट कोण लिहून घेणार?

लोणी काळभोर : १५ जानेवारी २०२५ ला लष्कर दिनाचं संचलन पहिल्यांदाच पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर झालं. त्यानंतर चार महिन्यांनी, ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि हवेली, दौंड, पुरंदर, शिरूरच्या पारावर लढाईशिवाय दुसरा विषय राहिला नाही. टीव्हीवर तज्ज्ञ बोलत होते, मोबाईलवर खरे-खोटे व्हिडिओ फिरत होते. त्याच पाराच्या कडेला बसलेला, १९७१ ची लढाई स्वतः लढलेला म्हातारा सगळं गप्प ऐकत होता. बाबा, तुमच्या वेळी काय झालं होतं, हे त्याला विचारणारे फार थोडे निघाले.

हिशेब साधा आहे. १९६५ ला वीस वर्षांचा असलेला जवान आज ऐंशीच्या घरात आहे, १९७१ वाला पंचाहत्तरीला आलाय. १९६२ च्या चीन युद्धातले तर चौऱ्याऐंशीच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धातली पिढी जवळपास संपलीच. १९८७ ते १९९० मध्ये शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेले साठीकडे झुकलेत आणि १९९९ च्या कारगिलमधले तरुण जवान आता माझ्या वयाचे, पोरीबाळींच्या लग्नाचं बघणारे झालेत. यातल्या पहिल्या तीन लढायांचं प्रत्यक्ष बघितलेलं माणूस येत्या दहा वर्षांत किती गावांत उरेल, हे ज्यानं त्यानं आपल्या गावापुरतं मोजून बघावं.

आधी आकडा, मग नाव, पुढे काही नाही

आपल्याकडे फौजींचा मान राखत नाहीत असं नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यातले इतके पडले, एवढाच मजकूर. नावं नाहीत, फक्त आकडा. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घराघरातून माणसं फौजेत गेली. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुतच्या वेढ्यात त्या अडकल्या, उपाशी राहिल्या आणि शेवटी तुर्कांच्या कैदेत गेल्या. त्यातलं कुणाच्या आजोबाचं काय झालं, हे आज पाटीकडे बघून कळत नाही.

शंभर वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये 'मेरी माटी मेरा देश' अभियान झालं. त्यात ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले, त्यावर वीरांची नावं आली. आकड्यावरून नावापर्यंत यायला आपल्याला शंभर वर्षं लागली. नावापुढची गोष्ट मात्र अजून कुठंच नोंदलेली नाही. ती पाटीवर मावणारी नाही. ती बोलून घ्यावी लागते, आणि बोलणारा माणूस आहे तोवरच घेता येते.

शौर्यपदक मिळालेल्यांचंही पूर्ण माहीत नाही

माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढले. त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. बाकीचे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले, बॉम्ब फेकला, एकाला गोळी घातली, बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनंच मारलं आणि मग शत्रूच्या गोळ्यांनी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावानं २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं. पण घाडग्यांबद्दल आपण जे सांगतो ते सगळं इंग्रजी प्रशस्तिपत्रातलं, साहेबानं लिहिलेलं. मेलेला माणूस स्वतः सांगू शकत नव्हता, ते समजू शकतो.

जे जिवंत परतले त्यांचं काय? अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीतून, सुरुंगांतून दोन जखमी साथीदारांना एकेक करून आणलं आणि नंतर तीन मशीनगन बंद पाडल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते १९८४ पर्यंत हयात होते. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग आणि आडवी टाकलेली झाडं त्यांनी गोळीबारात काढली आणि रणगाड्यांना वाट करून दिली. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. १९९४ मध्ये ते पुण्यातच वारले. त्या काळात गावोगाव टेपरेकॉर्डर वाजत होते. या मोठ्या नावांचं निदान प्रशस्तिपत्र तरी राहिलं. ज्या हजारो शिपायांना शौर्यपदक नाही, नुसतं लढाईत असल्याचं मेडल मिळालं, त्यांचं तेही नाही.

मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण तर डोळ्यांसमोरचं आहे. मूळचे सांगली जिल्ह्यातले, लष्कराच्या ईएमईमधले. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, सिनेमा आला २०२४ मध्ये. मधली ४६ वर्षं हा माणूस पुण्यातच आपल्यात राहत होता. पेटकर हयात होते म्हणून त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळाली.

अधिकाऱ्यांची पुस्तकं आली, शिपायाचा आवाज नाही

१९७१ चंच बघा. ११ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानात टांगाईलला दोन पॅरा ही पलटण विमानातून उतरली. या पलटणीचं मूळ मराठा रेजिमेंटमधलं. त्याच सुमाराला एक मराठा, म्हणजे आपली जंगी पलटण, जमालपूरला लढत होती. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली, ९३ हजार युद्धकैदी झाले. या लढायांवर पुस्तकं आहेत, त्यातली बहुतेक अधिकाऱ्यांनी इंग्रजीत लिहिलेली. त्यात नकाशे आहेत, कुठली तुकडी कुठून गेली ते आहे. विमानाच्या दारात उभं राहिल्यावर पोटात काय कालवाकालव झाली, खंदकात रात्रभर पाण्यात बसल्यावर पायाचं काय झालं, शेजारचा गावकरी पडला तेव्हा त्याच्या आईला पत्रात काय लिहिलं, हे शिपाईच सांगू शकतो. आणि तो ते मराठीतच सांगणार.

सरकारी पातळीवर काहीच हललं नाही असं नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्ध इतिहासाचं धोरण जाहीर केलं. लढाई संपल्यावर दोन वर्षांत समिती नेमायची, पुढच्या तीन वर्षांत इतिहास संकलित करायचा आणि साधारण २५ वर्षांनी कागदपत्रं खुली करायची, असं त्यात आहे. चांगलं पाऊल आहे. पण हा प्रामुख्यानं फायलींचा इतिहास आहे. मुख्यालयातल्या फाईलमध्ये हवालदाराच्या मनातलं येत नाही.

अमेरिकेनं २००० साली कायदा करून हे काम सुरू केलं. त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात माजी सैनिकांच्या एक लाखाहून जास्त आठवणी जमा आहेत. मुलाखत घेणारा नातू, शेजारी, शाळेतला मुलगा कुणीही चालतो. अट एवढीच की, रेकॉर्डिंग किमान अर्ध्या तासाचं हवं. इंग्लंडच्या युद्ध संग्रहालयानं १९७२ पासूनच आवाज साठवायला घेतले. आपल्याला लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांचे आवाज जपले ते शत्रूनं. बर्लिनजवळ वुन्सडॉर्फच्या कैदी छावणीत जर्मनांनी भाषांच्या अभ्यासासाठी आपल्या शिपायांना यंत्रासमोर बोलायला लावलं. त्या तबकड्या बर्लिनच्या विद्यापीठात आजही आहेत. पंजाबातला एक शिपाई त्यात गावाकडचं दूध-लोणी आठवतो आणि घरी जायचं म्हणतो.

विचारायचं कसं?

आमच्या भागात रिटायर झालेल्या प्रत्येकाला लोक 'मेजर' म्हणतात, मग तो नाईक असो की सुभेदार. पुणे जवळ, कॅन्टीन जवळ, लष्करी दवाखाना जवळ, म्हणून बाहेरच्या जिल्ह्यांतले फौजीही सोलापूर रस्त्याच्या कडेनं घर बांधून राहिलेत. कुणी शेती करतं, कुणी कंपनीच्या गेटवर, बँकेच्या दारात ड्युटी करतं. बातमीच्या निमित्तानं त्यांच्यातल्या काहींसमोर मी बसलोय. 'लढाईत काय झालं?' असं सरळ विचारलं की उत्तर एका ओळीत येतं. 'गेलो, लढलो, देवाच्या दयेनं आलो.' तेच 'जेवायला काय मिळायचं?' असं विचारलं की शक्करपाळ्यापासून सुरू होऊन माणूस तासभर बोलतो आणि मधेच कुठंतरी लढाई येते. म्हणून सुरुवात भरतीच्या दिवसापासून करावी. घरातून कोण सोडायला आलं, पहिल्यांदा रेल्वेत कधी बसलात, उस्ताद कसा होता, पत्र कोण लिहून द्यायचं, असं हळूहळू पुढं जावं.

'किती मारले?' हा प्रश्न विचारूच नये. तो थांबला तर आपणही थांबावं. डोळ्यांत पाणी आलं तर रेकॉर्डिंग बंद करून चहा घ्यावा, दुसऱ्या दिवशी परत जावं. काही जणांनी पन्नास वर्षं बायकोलासुद्धा न सांगितलेलं असतं. ते सांगायचं की नाही, हे ठरवणारा तोच.

मेडलची पेटी उघडायला सांगावी. १९७१ ला पूर्वेकडे लढलेल्याला पूर्वी स्टार, पश्चिमेकडे लढलेल्याला पश्चिमी स्टार आहे. १९६५ वाल्याकडे समर सेवा स्टार किंवा रक्षा मेडल, कारगिलवाल्याकडे ऑप विजयचं. मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. डिस्चार्ज बुकात युनिट आणि तारखा सापडतात. पन्नास वर्षांनी आठवणीत गाव इकडचं तिकडं होतं, साल चुकतं. त्यात खोटेपणा नाही, वय आहे. त्याला भर बैठकीत टोकू नये. कागद बघून तारीख वेगळी नोंदवून ठेवावी.

घरातल्या बाईलाही बसवावं. नवरा सीमेवर असताना औत कुणी हाकलं, मनिऑर्डर उशिरा आली तर दुकानदारानं उधार दिलं का, '५६ एपीओ'चं पत्र येईना तेव्हा काय वाटलं, तारवाला गल्लीत दिसला की काय व्हायचं, हीसुद्धा युद्धाचीच हकिकत आहे. आणि ही सांगायला पदक मिळालेलं असावं लागत नाही.

जपून करायच्या गोष्टी

दोन धोके आहेत. एक, रीलचा. अर्ध्या तासाच्या बोलण्यातलं तीस सेकंदांचं जोशातलं वाक्य कापून, मागं गाणं लावून टाकलं की माणसाची गोष्ट गेली आणि निवडणुकीत कुणाच्या तरी कामाला आली. म्हणून रेकॉर्डिंग कुठं दाखवायचं, कुठं नाही, हे सांगणाऱ्याकडून आधीच कबूल करून घ्यावं. दुसरा, गुप्ततेचा. १९६५, १९७१ ला साठ-पन्नास वर्षं झाली. अलीकडच्या कारवायांबद्दल बोलताना ठिकाण, पद्धत, यंत्रं यांत खोदू नये. माणूस, मित्र, भीती, घर यांबद्दल भरपूर विचारता येतं.

हे काम कुणाचं?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पेन्शन, शिष्यवृत्ती, विधवांच्या अर्जांचंच काम पुष्कळ आहे. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्य कार्यालय पुण्यातच असल्यानं एक नमुना प्रश्नावली आणि रेकॉर्डिंग ठेवायची जागा ठरवून देणं त्यांना अवघड नसावं. मागणी करायची तर ही करावी. तोवर गावानं थांबायचं कारण नाही. माजी सैनिकांच्या घरपट्टी माफीमुळे ग्रामपंचायतीकडे त्यांच्या नावांची माहिती येतेच. ती यादी वयानं लावायची, सगळ्यात थोरला आधी. दहावीपासूनच्या दोन-दोन मुलांना एकेक घर द्यायचं. पंखा बंद, मोबाईल जवळ, सुरुवातीला नाव-गाव-तारीख बोलायची. एक प्रत घरात, एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत पेनड्राईव्हवर ठेवायची. मोबाईल बदलला की रेकॉर्डिंग जातं, हे आपल्याला लग्नाच्या फोटोंवरून माहीत आहे.

दरवर्षी १६ डिसेंबरला विजय दिवस येतो, २६ जुलैला कारगिल दिवस. शाल-श्रीफळ देऊन दहा मिनिटांत कार्यक्रम संपतो आणि माईक पुढाऱ्याच्या हातात राहतो. येत्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव मांडावा : सत्काराच्या आधी प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी जाऊन त्याचं बोलणं पूर्ण ऐकून, नोंदवून घ्यायचं. शाल नंतर दिली तरी चालेल. यादीतल्या पहिल्या चार-पाच घरी मात्र याच महिन्यात जावं लागेल.