जुनी मोटार घेतांना इंजिन कोणतें पाहावें?

घरांत मोटार घ्यावयाची असें एकदां ठरलें म्हणजे वाद सुरू होतो तो बहुधा तिच्या रंगावरून. मुलांस तांबडी हवी असते, सुनांस पांढरी बरी वाटते, आणि वडील मंडळींस बसावयास-उतरावयास सोपी असली म्हणजे पुरे असतें. किंमत, विम्याचा हप्ता, गाडी उभी कोठें करावयाची, हे सर्व प्रश्न निघतात. परंतु बॉनेटखालीं इंजिन कोणत्या जातीचें असावें, हा प्रश्न मात्र दलालावर सोंपविला जातो. दलाल काय, त्याच्या आवारांत जी उभी असेल तीच उत्तम म्हणणार! नवी मोटार घेतांना ही हयगय एक वेळ खपून जाते, कारण कंपनीची हमी पाठीशीं असते. वापरलेल्या मोटारीच्या बाबतींत निवड चुकली, तर वांचविलेले पैसे दोन वर्षांच्या आंत मेकॅनिकच्या हवालीं करावे लागतात. पुष्कळ घरांत हे पैसे म्हणजे कोणाच्या तरी भविष्यनिर्वाह निधीचा वांटा असतो. म्हणून या महिन्यांत हाच विषय घेतला आहे.

उदाहरणादाखल मारुति स्विफ्ट घेऊं. मागचा दरवाजा छपराशीं बिजागरी लावून वर उघडणाऱ्या ज्या आंखूड मोटारींस हॅचबॅक म्हणतात, त्यांपैकीं ही आपल्याकडे अतिपरिचित आहे. ती आपल्या देशांत २००५ सालीं आली, तेव्हां केवळ पेट्रोलवर चालत असे. २००७ सालीं तींत १२४८ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन बसूं लागलें. २०१० पासून ११९७ घनसेंटिमीटरचें नवें पेट्रोल इंजिन आलें. एप्रिल २०२० मध्यें ‘भारत स्टेज सहा’ हे धुराचे कडक नियम लागू झाले, तेव्हां कंपनीनें डिझेल बंद केलें. आणि २०२२ सालीं सी.एन.जी.वर चालणारी स्विफ्ट काढली. त्यामुळें वापरलेल्या मोटारींच्या बाजारांत या एकाच गाडीचे तिन्ही प्रकार भेटतात. तें डिझेल इंजिन मुळांत इटलीच्या फियाट कंपनीचें. त्याच घराण्याचीं इंजिनें आपल्या पुण्याजवळ रांजणगांवासहि बनत आणि टाटांच्या व फियाटच्या गाड्यांतहि बसत. त्यामुळें त्याचीं दुखणीं जाणणारे मेकॅनिक गांवोगांव सांपडतात, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

आतां लहान गाड्यांत डिझेलचा एवढा सुळसुळाट कां झाला, तें पाहा. जून २०१० मध्यें सरकारनें पेट्रोलच्या दरावरील आपलें नियंत्रण उठविलें, पण डिझेलवरील ठेविलें. दोन दरांतील अंतर वाढत गेलें आणि ज्याला महिन्यास फारसें कोठें जावयाचें नाहीं असा गृहस्थहि डिझेल घेऊं लागला. ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचेंहि नियंत्रण उठलें आणि तें अंतर पुष्कळसें आटलें. परंतु त्या काळांत मनांत बसलेला ‘डिझेल म्हणजे स्वस्त’ हा समज आजहि घराघरांत कायम आहे.

हा समज तपासण्यापूर्वीं दोन्ही इंजिनांच्या प्रकृतींतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण दहा-अकरा पटींनीं दाबून त्यावर विजेची ठिणगी पाडतात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. केवळ हवाच सोळा-अठरा पटींनीं दाबतात, आणि ती दाबानेंच इतकी तापते कीं, तींत फवारलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. एवढा दाब सोसावयाचा म्हणून तें इंजिन जड व भक्कम घडवावें लागतें. फवारा मारणारे इंजेक्टर वातावरणाच्या हजारपटींहून अधिक दाबाखालीं काम करतात, आणि हवा आंत ढकलण्यास टर्बो नांवाचें अतिवेगानें फिरणारें चक्र जोडीस असतें. याचें फळहि मोठें आहे. स्विफ्टचें डिझेल इंजिन मिनिटास दोन हजार फेऱ्यांवर १९० न्यूटन-मीटर इतकें पिळाचें बळ देतें; पेट्रोलचें सुमारें ११४, आणि तेंहि चार हजार फेऱ्यांच्या आसपास. चार माणसें व सामान घेऊन चिपळुणाहून कुंभार्ली घाट चढतांना हा फरक कोणासहि कळतो. परंतु इंजेक्टर व टर्बो हे अवयव जितके गुणी तितकेच महाग. त्यांची दुरुस्ती निघाली म्हणजे हजारांच्या पटींत बोलावें लागतें.

आतां जुन्या शाळांतील त्रैराशिक मांडूं. पेट्रोल लिटरास १०५ रुपये, डिझेल ९२ रुपये व सी.एन.जी. किलोस ९० रुपये धरा. पेट्रोलची गाडी शहरांत लिटरास १५ किलोमीटर, डिझेलची २०, आणि सी.एन.जी.ची किलोस २५ किलोमीटर जाते असें माना. म्हणजे दर किलोमीटरास अनुक्रमें ७ रुपये, ४ रुपये ६० पैसे व ३ रुपये ६० पैसे पडले. ज्या घराची गाडी महिन्यास ४०० किलोमीटर फिरते, त्याचे डिझेलनें वर्षाकांठीं ११,५२० रुपये वांचतील. जेथें ती महिन्यास १,५०० किलोमीटर फिरते, तेथें ४३,२०० रुपये वांचतील. वाचकांनीं आपल्या गांवचे दर घालून हेंच गणित पुन्हां करावें. दर बदलले तरी रीत बदलत नाहीं.

पहिल्या आंकड्याकडे पाहून कोणी म्हणेल, अकरा हजार तरी कां सोडावे? येथेंच त्रैराशिक अपुरें पडतें. गाडी किती फिरते एवढेंच पाहून भागत नाहीं. ती एका दमांत किती फिरते, हें पाहावें लागतें. डिझेलचें इंजिन हळूहळू तापतें. दोन-तीन किलोमीटर जाऊन तें बंद केलें, तर पुरतें तापण्यापूर्वींच थंड होतें. असें रोज घडलें म्हणजे काजळी सांचते, धूर परत फिरविणारा व्हॉल्व्ह चिकटतो, आणि त्याचा जाच टर्बोपर्यंत पोंचतो. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत, उदाहरणार्थ टाटा अल्ट्रोझ किंवा त्या काळांतील ह्युंदाई आय-२० यांत, धुराच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी असते. तींतील काजळी जळून जाण्यास सुमारें ६०० अंश उष्णता लागते, आणि ती मोकळ्या रस्त्यावर कांहीं वेळ सलग धांवल्यावांचून सहसा मिळत नाहीं. गल्लींतल्या गल्लींत फिरणाऱ्या गाडीची ही गाळणी तुंबते.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत हेंच घडलें. २०१६ सालची डिझेल गाडी, फिरलेली अवघी ३८,००० किलोमीटर. दलालानें हाच तिचा मोठा गुण म्हणून सांगितला. मंडळींनीं आनंदानें घेतली. नातवंडांची शाळा दोन किलोमीटरांवर, मंडई एकावर, देऊळ त्याहून जवळ. वर्षाच्या आंतच तो व्हॉल्व्ह व मग टर्बो अशीं दोन कामें निघालीं, आणि आजींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं बाजूस काढलेल्या रकमेस हात लावावा लागला. शस्त्रक्रिया सहा महिने लांबली. आठ वर्षांची डिझेल गाडी इतकी कमी कां फिरली, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. एक तर आंकडा मागें फिरविलेला असावा, नाहीं तर पहिल्या धन्यानेंहि ती अशीच गल्लींत वापरलेली असावी. दोहोंपैकीं कोणतेंहि उत्तर समाधानकारक नव्हे. पेट्रोलच्या गाडीचें कमी फिरणें बहुधा गुण समजावा. डिझेलच्या गाडीचें कमी फिरणें चौकशीचा विषय समजावा.

याउलट दुसरें एक घर. धाकटे बंधू म्हणत होते, “दादा, डिझेलच घेऊं, घाटांत बरें.” दादा पेट्रोल म्हणत होते. वाद वाढत चालला तेव्हां वहिनींनीं एवढेंच विचारलें, “भावजी, घाट वर्षांतून दोनदां, बाकीचे दिवस गाडी जाणार कोठें?” कागद घेऊन सर्वांनीं लिहून काढलें, तों लक्षांत आलें कीं, गणपति व मे महिना सोडला तर पांच किलोमीटरांपलीकडे कोणाचें काम नव्हतें. पेट्रोलची गाडी आली. घाटांत गियर थोडा लवकर उतरवावा लागतो, एवढीच काय ती गैरसोय.

मग डिझेल कोणी घ्यावें? ज्याची रोजची वाट एका बाजूस वीस-पंचवीस किलोमीटरांची व बरीचशी मोकळी आहे, किंवा ज्याला नोकरीपायीं जिल्हाभर फिरावें लागतें, त्यानें खुशाल घ्यावें. त्याला तें इंजिन उत्तम साथ देईल. मात्र वयाचा विचार करावा. दिल्ली व तिच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस बंदी करणारा हरित न्यायाधिकरणाचा आदेश २०१५ सालीं निघाला, सर्वोच्च न्यायालयानें तो २०१८ सालीं उचलून धरला, आणि २०२५ पर्यंत त्यांत फेरफार होत आले. तिकडील कित्येक डिझेल गाड्या त्यामुळें स्वस्तांत इकडे येतात. त्यांना येथील नोंदणी व कर पुन्हां करावा लागतो, हा खर्च किंमतींत धरूनच सौदा पाहावा.

सी.एन.जी.चा हिशेब सर्वांत आकर्षक दिसतो, आणि महिन्यास हजार-दीड हजार किलोमीटर शहरांतच फिरणाऱ्यास तो खरोखरच लाभतो. परंतु मागची सामानाची जागा टांकीनें व्यापलेली असते. माहेरपणास आलेल्या मुलीची बॅग मग मांडीवर घ्यावी लागते. चढावर बळ कमी पडतें. पंपावर रांग असते, आणि आपल्या मूळ गांवच्या वाटेवर पंप आहेत कीं नाहींत, तें आधीं पाहावें लागतें. टांकीची दाबपरीक्षा दर तीन वर्षांनीं व्हावी लागते. तिचा दाखला मागावा. कंपनीनेंच बसविलेली टांकी बरी. बाहेरून बसविलेली असल्यास आर.सी. बुकांत व विम्यांत तिची नोंद आहे ना, हें पाहिल्याशिवाय बयाणा देऊं नये.

पेट्रोलासहि दोन गोष्टी लागू आहेत. पहिली, आतां पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. जुन्या घडणीच्या चारचाकी गाड्या त्यावर लिटरमागें सहा-सात टक्के कमी जातील, असा अंदाज नीति आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यांत दिला होता. एप्रिल २०२३ पूर्वींची गाडी घेतल्यास रबरी नळ्या व इंधनाचा पंप एकदां तपासून घ्यावा. दुसरी, हल्लीं टर्बो लाविलेलीं लहान तीन सिलिंडरांचीं पेट्रोल इंजिनें निघालीं आहेत. तीं चपळ खरीं, पण त्यांना नेमून दिलेलें तेल वेळेवरच लागतें. पहिल्या धन्यानें तेलाची टाळाटाळ केली असेल, तर त्याचें प्रायश्चित्त दुसऱ्यास घ्यावें लागतें. साध्या, टर्बोविरहित, चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनास मी म्हणूनच थोड्या फिरतीच्या घरासाठीं पहिला मान देतों.

संस्कृत व्याकरणांत सर्वसाधारण नियमास उत्सर्ग म्हणतात, आणि अपवाद त्याहून बलवान् असतो. वर सांगितलें तें सारें उत्सर्ग. समोर उभी असलेली गाडी हा अपवाद असूं शकतो. नीट राखलेलें डिझेल हयगय केलेल्या पेट्रोलपेक्षां केव्हांहि बरें. म्हणून परीक्षा करावीच. विक्रेत्यास आदल्या दिवशीं सांगावें कीं, इंजिन थंड असूं द्या. आणि पोंचल्यावर प्रथम बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा. तें ऊन लागलें, तर कांहीं लपविण्यासाठीं आधीं सुरू करून ठेविलें आहे असा संशय घ्यावा. थंड इंजिन सुरू होतांना साखळी सैल झाल्याची खडखड, असल्यास, पहिल्या क्षणींच ऐकूं येते. धूर निळसर असला तर तेल जळत आहे. काळा असला तर इंधन पुरतें जळत नाहीं. पांढरा असून थांबतच नसला तर थंडाव्याचें पाणी आंत शिरत आहे. तेलाच्या झांकणाखालीं दुधासारखा थर दिसला तर तेथूनच नमस्कार करून परत यावें. डिझेलचें तेल काळें असणें हा मात्र दोष नव्हे. तें लवकरच काळें होतें. शेवटीं अधिकृत सेवाकेंद्रांतील नोंदी मागवाव्या आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून संगणकीय तपासणी करवावी. तिचे थोडे पैसे पडतात, ते देतांना हात आंखडूं नये.

असो. गाडी पाहावयास निघण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्या: महिन्याची एकूण फिरती, एका खेपेचें साधारण अंतर, आणि वर्षांतून किती वेळां घाट. हा कागद खिशांत असला म्हणजे दलालाचें वक्तृत्व बरेंच निष्प्रभ होतें. गाडी ठरल्यावर नांव बदलून घेण्याचे अर्ज, विमा व कर्जाचा बोजा उतरविणें यांविषयीं पुढील महिन्यांत लिहूं.