तंजावरची मराठी

मनुष्य देशांतर करितो तेव्हा त्याचा वेष लवकर पालटतो; भाषा मात्र घराच्या आश्रयाने पुष्कळ काळ तग धरिते. ती किती पिढ्या टिकावी, हा प्रश्न ज्यांची मुलेबाळे परदेशी स्थायिक झाली आहेत, अशा आमच्या वाचकांस नवा नाही.

इंग्रजांत जाऊन राहिलेल्या डच लोकांचे उदाहरण पाहा. सन १५५० मध्ये सहाव्या एडवर्ड राजाने लंडनातील ऑस्टिन फ्रायर्स येथील प्रार्थनामंदिर परदेशी प्रॉटेस्टंटांस दिले. १९४० च्या बाँबवर्षावात ते जमीनदोस्त झाले, पुन्हा उभारले गेले, व तेथे डच उपासना अद्यापि चालते. परंतु जुन्या डच घराण्यांचे वंशज घरी इंग्रजीच बोलू लागले. उपासनेची भाषा राहिली, घरची गेली.

तंजावरास उलट घडले. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापिल्यावर अनेक देशस्थ घराणी कावेरीकाठी वसली. सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, १८०३ मध्ये, बृहदीश्वराच्या भिंतींवर भोसलेकुळाचा इतिहास मराठीत कोरविला गेला. १८५५ मध्ये राज्य खालसा झाले व राजाश्रय संपला. तरी भाषा संपली नाही, कारण तिचे ठाणे दरबारापेक्षा स्वयंपाकघरात व देवघरात अधिक होते. त्रावणकोर, इंदूर व बडोदे ह्या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणम् येथे अशाच घराण्यात जन्मले. तमिळ लोकांनीही आपल्या हरिकथेत मराठी कीर्तनातील साकी, दिंडी आपल्याशा केल्या.

ह्या मंडळींची बोली ऐकून आपल्याकडील कित्येकांस हसू येते. हे अनुचित होय. आमच्या मेहरूणच्या बोरांविषयी सर्वांस ठाऊक आहेच. रानबोरीच्या खुंटावर चांगल्या बोरीचा डोळा भरितात. मुळे रानची, तरी फळ त्या डोळ्याच्या जातीचेच. तंजावरच्या मराठीने तमिळ मातीचा रस घेतला, म्हणून तिचे कूळ बदलत नाही.

आज तेथील मुले तमिळ व इंग्रजीत शिकतात, आणि घरातली मराठी क्षीण होत चालली आहे. शत्रूच्या विरोधापेक्षा आप्तांच्या थट्टेने भाषा लवकर मुकी होते. तंजावरचा पाहुणा असो की परदेशातून आलेला आपला नातू, त्याच्या मोडक्या मराठीस मराठीतच उत्तर द्यावे. चूक मागाहून सुधारिता येते, गेलेली जीभ परत येत नाही.